वाकड्या टाक्याची नोकरी

याडी, माह्ये माय, तुह्या पायावर धनीचं डोकं.

दिल्लीत पोटाले मिळते, काळजी करू नको. तांड्यावर नळ आला काय?

आमच्या मॅडम महागड्या कपड्यांच्या डिझायनर. त्यांनी आपल्या ब्रँडची ओळख ठरवली, की प्रत्येक कांचळी-चोळीवरच्या भरतकामात एक टाका वाकडा पाहिजे. म्हणतात, "मशीनला चुकता येत नाही, धनीबाई. आपलं गिऱ्हाईक त्या चुकीसाठीच पैसे मोजतं."

माह्या हाताले वाकडं जमतच नाही. लहानपणी टाका चुकला की तू बोटात सुई टोचायची, त्याचंच फळ भोगून राह्यली. या आठवड्यात जमलं नाही तर मले काढतीन. मंग दोघींनं खावं काय?

तुह्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करूच. पण त्याआधी एक कांचळी शिवून धाड, याडी. पाहून पाहून शिकते.

तुहीच, सरळ हाताची
धनी