मूर्तीच्या फेरीतून वगळलेले घर

मी, श्रीमती बेबाबाई ऊर्फ मार्था रुपचंद सोनवणे, वय ७१, धर्म ख्रिस्ती (कॅथलिक), निवृत्त परिचारिका, राहणार यावल, जिल्हा जळगाव, डोके ठिकाणावर आणि जीभ ताब्यात असताना हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. पोटाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसा माणूस यावल तालुक्यात अजून जन्मायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे पती रुपचंद २००५ साली वारले. मला दोन अपत्ये. मुलगी हेमांगी धुळ्याला सासरी आहे. मुलगा ललित १० ऑक्टोबर २०१३ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, फैजपूर रस्त्यावर अपघातात गेला.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते हेमांगीचे. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे. आईची आठवण म्हणून कुलूप लावून ठेवू नये, बंद घरात फक्त उंदीर वाढतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. माझी दवाखान्याची बॅग, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि दोन कात्र्या गल्लीतल्या आशा सेविका दिपमाला यांना द्याव्यात. अट एकच. कळा देणाऱ्या बाईला 'ओरडू नको' असे त्यांनी कधी म्हणू नये. मी पस्तीस वर्षे म्हणत आले, त्याची मला लाज वाटते.

कलम ३. छातीत सात तलवारी रुतलेल्या दुःखी मातेची, म्हणजे येशूच्या आईची, तसबीर माझे दीर मोतीलाल यांना द्यावी. ललितला मातीत ठेवताना भाऊजी मला सर्वांसमोर म्हणाले होते, "वहिनी, मारिया मातेकडे बघा, ती क्रुसाखाली उभी राहिली, रडली नाही." ती रडली नाही हे भाऊजींना कोणी सांगितले ते मला आजवर कळलेले नाही. तसबीर त्यांनी जेवायला बसतात त्यासमोर लावावी आणि तिच्या डोळ्यांकडे नीट पाहावे.

कलम ४. देवमातेची मूर्ती. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

ही लाकडी मूर्ती दवाखान्यातल्या धर्मभगिनींनी गाव सोडताना माझ्या हवाली केली. यावलमध्ये आमची ख्रिस्ती घरे चौदा. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, म्हणून महिनाभर मूर्ती घरोघर फिरते. एका घरी दोन संध्याकाळी जपमाळ होते, मग त्या घरची बाई ती आपल्या हाताने पुढच्या दारी नेते आणि तिथली बाई पदर पसरून घेते. कोणत्या घरी कधी, ही यादी मी करते. २०१४ पासून माझ्या यादीत तेराच घरे आहेत. वगळलेले घर चार घरांपलीकडच्या ताईबाई वना अहिरे हिचे. ते मी कापले, कारण ललित गेला त्या संध्याकाळी मोटारसायकल तिचा मुलगा भूषण चालवत होता.

ताईबाईने कधी तक्रार केली नाही. दर ऑक्टोबरला तिचा ओटा सारवलेला असायचा, त्यावर मेणबत्ती लावलेली असायची आणि मूर्ती तिच्या दारावरून पुढे जायची. हे अकरा वर्षे चालले. फादर भुसावळहून येत तेव्हा दोनदा मला बोलले. मी त्यांनाही जुमानले नाही.

आता खरे लिहिते. भूषणने माझ्या पोराला भटकायला नेले, असे मी गावभर सांगितले. ते खोटे आहे. ललितला मी पाठवले होते. मूर्तीचे निळे वस्त्र फैजपूरच्या शिंप्याकडे शिवायला टाकले होते आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती माझ्याकडे यायची होती. भूषण म्हणाला, "काकू, सकाळी जातो, आता अंधार पडेल." मी म्हणाले, देवाच्या कामाला कसला अंधार. केळीने भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात बिनदिव्याचा उभा होता. ललितला माझ्याच दवाखान्यात आणले आणि मीच त्याला पुसून काढले. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला भूषण "काकू, ललित कसा शे?" असे विचारत राहिला. मी परिचारिका असून त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

श्रद्धा असावी तर मारियेसारखी, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले आहे. देवाने आपल्या पुत्रासाठी तिची कूस मागितली आणि ती हो म्हणाली. मी तिचे फक्त दुःख उचलले. मुलगा गमावलेली आई म्हणून तिच्या पंगतीला जाऊन बसले. पण येशूला क्रुसावर दिले त्या टेकडीवर शेजारच्या क्रुसांवरही कोणाची तरी पोरे होती. त्यांच्या आयांना तिने दूर हाकलल्याचे मी कोठे ऐकलेले नाही.

सबब, माझ्या पश्चात ही मूर्ती ताईबाई वना अहिरे हिला द्यावी. हेमांगी, तुला ती हवी होती हे मला माहीत आहे. रागावू नकोस.

पुरवणी, माझ्या हस्ताक्षरात. वरचा मजकूर टाइप करून वकीलसाहेब आज घेऊन आले. मेल्यावर माफी मागितली की उत्तर ऐकावे लागत नाही, म्हणून तर मी कलम चार असे लिहिले होते. ते लक्षात आल्यावर मी ताईबाईला निरोप धाडला. ती भूषणला घेऊन आली. मी कलम चार वाचून दाखवले.

ताईबाई माहेरची सोनगीरची, अजून अहिराणीच बोलते. म्हणाली, "माले ठाऊक शे, अक्का. भूषणनी माले तवयच सांगं."

मग तेव्हापासून ठाऊक असून गावात का बोलली नाहीस, असे मी विचारले.

"तुना पोऱ्या गया. मी आखो काय बोलू तुले?"

वकीलसाहेबांनी मध्येच सांगितले, की जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला कायद्याने मृत्युपत्रातले काही मिळत नाही, तेव्हा ताईबाईंनी अंगठा करू नये. ती म्हणाली, "मंग मीच साक्षीदार व्हसू. तू मरशी तवय येनारी मूर्ती माले नको. आज आन."

ऑक्टोबर नव्हता तरी मी मूर्ती उचलली. चार घरांच्या अंतराला अर्धा तास लागला. ताईबाईने ओट्यावर पदर पसरला. मूर्ती आता माझी मिळकत राहिलेली नाही, म्हणून कलम ४ मधील देणगी रद्द समजावी. कबुली कायम ठेवावी आणि रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर सर्वांना वाचून दाखवावी.

शेवटची इच्छा. मला ललितच्या शेजारी मातीत ठेवावे आणि पुढचा खांदा भूषणने द्यावा. ही आज्ञा नाही. ललितच्या मातीला पाय मोडलेल्या भूषणला खाटेसकट आणतो असे त्याचे वडील म्हणाले होते आणि मी आणू दिले नव्हते. म्हणून आज त्याला तोंडावर विचारले, देशील का? तो म्हणाला, "काकू, ललितले खांदा देवानं राही गयं." ललितला खांदा द्यायचा राहून गेला, एवढेच. मी ते हो समजले आहे.

लिहून देणार : बेबाबाई ऊर्फ मार्था रुपचंद सोनवणे (सही)

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली, तिच्यासमक्ष आम्ही केली :
१. ताईबाई वना अहिरे (डाव्या हाताचा अंगठा)
२. भूषण वना अहिरे (सही)

ठिकाण : ताईबाई अहिरे यांचा ओटा, यावल
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५, दुःखी मातेचा सण