ट्यूब नसलेलं चाक

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे मोठ्याने म्हणत म्हणत लिहितोय. ऐकायला घरात कोणी नाही. मी आता रोडपालीला राहतो, चौथ्या मजल्यावर. तू कधी न पाहिलेली तुझी सून गेल्या वर्षी वारली, आणि तुझी नात, माझी मुलगी, नोकरीसाठी बंगळुरूला असते. तिची सायकल गॅलरीत पडून होती. तिचा टायर फाटला होता, आज मी नवा बसवला.

या टायरमध्ये ट्यूबच नसते, आई. टायरची कड रिममध्ये घट्ट बसली की हवा आतच कोंडून राहते. पण ती बसता बसत नव्हती. पंप मारतोय, मारतोय, आणि हवा सगळ्या बाजूंनी फुसफुसत बाहेर. दम लागून फरशीवर बसलो आणि तो पूल आठवला.

मी सात-आठ वर्षांचा असेन. बाबा गेल्यावर त्यांचीच सायकल घेऊन तू करंजाड्याहून पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला जायचीस. बाई सायकलवर बसते म्हणून गाव हसायचं. त्या दुपारी मी तापाने फणफणलोय, तू मला कॅरियरवर बसवून लुगड्याच्या पदराने कमरेशी बांधलंयस. "झोपू नको रं. बोलत रा माझ्याशी." नदीच्या पुलावर मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. तू उतरली नाहीस. तशीच रेटत राहिलीस, रिम दगडांवर खडखडतेय, प्रत्येक दणका माझ्या डोक्यात. दवाखान्याच्या दारात कंपाउंडर म्हणाला, "बाई, चाकाची पार वाट लागली." तू म्हणालीस, "चाकाचं मी बघीन. पोराचं तुमी बघा."

तापातून मी उठलो. रिम मात्र वाकडी झाली ती झालीच, आणि पुढचा सगळा उन्हाळा तू पाटी डोक्यावर घेऊन चालत बाजाराला गेलीस. एकदा मी विचारलं, पाय दुखतात का? "पाय हायेत, दुखनारच," म्हणालीस आणि जवळा निवडत बसलीस.

फरशीवरून मी पुन्हा उठलो. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हच्या आतली सुई काढली, म्हणजे हवा एकदम आत शिरते, आणि थांबायचं नाही असं ठरवून पंप मारला. मग टक् झालं. पुन्हा टक्, टक्, गोल फिरत. कड बसली! मी ओरडलोच, "बसला गं!" घरातून कोणी 'काय झालं' म्हणून आलं नाही. सुई परत लावायच्या आधी त्याच भोकातून पांढरं चिकट औषध आत सोडायचं असतं. बारीक भोक पडलं तर तेच बुजवतं. ते सोडलं, हवा भरली, चाक हातानेच फिरवत बसलो. तुझ्या नातीला फोटो पाठवला. तिने लगेच अंगठा पाठवला. रविवारीही कामात असेल.

हे पत्र कुठे टाकायचं, तूच सांग. कपाटात ठेवतो.

आणि खरं सांगू? दुकानदार म्हणाला होता, "काका, चाक घेऊन या, दहा मिनिटांत बसवून देतो." मीच नको म्हटलं. दहा मिनिटांत झालं असतं, तर उरलेल्या रविवारचं मी काय केलं असतं?