बंद खाडीचा खेळ

६ जानेवारी
सहली ठरवणारा हेंकी आला. अंबोन शहरातून, सकाळच्या बोटीने, कोऱ्या बुटांत. जेट्टीच्या शेवाळावर घसरला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू ते शेवाळ मीच लावलंय.

"गुरुजी, तुमचं गाव आता बंदर झालं!" म्हणाला. जेट्टीला चार पोती सिमेंट लागलं, एक निळी पाटी लागली – झालं बंदर. महिनाअखेरीला परदेशी पाहुण्यांचं मोठं जहाज बाहेर नांगर टाकणार. पाहुणे छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर येणार, दुपारपर्यंत गाव बघणार आणि जाणार. त्यांना काय दाखवायचं ते मी ठरवायचं. गावात इंग्रजी येणारा मी एकटा. तेही शाळेत शिकवून शिकवून झिजलेलं.

खोटं का बोलू? आनंद झाला. किती वर्षांत कोणी मला काही ठरवायला सांगितलं नव्हतं.

९ जानेवारी
मनात सगळं लावून ठेवलंय. आधी जायफळाची बाग, मग केनारीच्या झाडाखाली सागोच्या पिठाचा चिकट पापेदा आणि पिवळ्या रश्शातले मासे, आणि शेवटी मुलांचे पंतून. हात मागे बांधून, ओळीत उभी राहून मुलं म्हणायची तसे. माझ्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाला पाठ असत. दोन ओळी झाडापानांच्या, दोन मनातल्या. हा एक नवा जुळवला:

जायफळ पिकलं, साल उकलली,
लाल जावित्री आत दिसे;
होडी दूर गेली, वाट पाहिली,
मनात अजून वल्हं वाजतसे.

बायकोला, वेलमिनाला, वाचून दाखवला. पातेलं घासता घासता म्हणाली, "छान आहे. त्या गोऱ्यांना कळलं की मलाही सांग."

१५ जानेवारी
हेंकीने पंतून काढून टाकले. "लोक कंटाळतात, गुरुजी. दोन मिनिटं, वाटलं तर जाताना, टाटा करताना." टाटा करताना!

हेंकीला दुसरंच सापडलंय. खाडीच्या तोंडाशी खांबाला नारळाची कोवळी झावळी बांधलेली दिसली त्याला. हे काय, म्हणून विचारलं. मीच मूर्खासारखा रंगून सांगत बसलो – ही सासी. झावळी बांधली की खाडी बंद. आतले लोला, ज्यांच्या शिंपल्यांची बटणं होतात ते, कोणी काढायचे नाहीत. ते पुरते वाढले की खाडीचा राखणदार मथेओस शंख फुंकतो, वाडवडिलांचे शब्द म्हणतो, झावळी उतरवतो. मग सगळा गाव पाण्यात!

त्याचे डोळे चमकले. "हेच! जहाज येईल त्या दिवशी उघडा."

"पुढच्या वर्षी, नाताळाच्या आधी उघडायची आहे. लोला अजून नखाएवढे आहेत."

"मग खरी नका उघडू. खोटी उघडा. शंख, झावळी, फोटो. संध्याकाळी परत बांधून टाका."

१८ जानेवारी
आमचा राजा तयार आहे. नावाचाच राजा, खरं तर गावप्रमुख, चपलेला तारेने टाका घातलाय. पण जहाज म्हटलं की ताठ बसतो. त्याच्या मते जहाजं आली की पोरं अंबोनला पळायची थांबतील. मथेओसला मनवायचं काम माझ्यावर.

२० जानेवारी
मथेओस आणि मी एका बाकावरचे. त्याला कविता कधी पाठ झाली नाही, मी शेजारून फुसफुसायचो. आज त्याच्या ओट्यावर बसून त्याला पटवत होतो.

"नाटकात राजा मरतो. नंतर उठून भात खातोच ना? तसंच हे."

तो जाळं विणत होता. वर न बघता म्हणाला, "ते शब्द नुसते म्हणून दाखवता येतात? तू सांग. शब्दांतलं तुला कळतं."

मी म्हणालो, येतात.

"तू म्हणतोस तर येत असतील."

घरी येताना जिंकल्यासारखं का वाटत नव्हतं, देव जाणे.

२८ जानेवारी
तालीम. हेंकीने मथेओसला लाल कापड बांधायला लावलं. मथेओस म्हणाला, "माझा सदरा काय वाईट आहे?" हेंकी म्हणाला, "फोटोत मरतो." बायका हसल्या. मीही हसलो.

शब्द मात्र तालमीत म्हणाला नाही. एकदाच म्हणायचे असतात, म्हणाला.

३१ जानेवारी
लिहवत नाही. तरी लिहितो.

जहाज दिसलं – पांढरं, उगीचच मोठं. वारा पश्चिमेचा. हेंकी जेट्टीवर फोन कानाला लावून नाचत होता. "पहिली होडी उतरतेय! सुरू करा, येतील तेव्हा रंगात असू दे!"

मथेओसने शंख फुंकला. मग शब्द. हळू, पुरते, एकही न गाळता – शाळेत कधी एक कडवं धड न म्हणणारा हा माणूस! झावळी उतरली.

आणि मागून हेंकी: "थांबा, थांबा! लाट मोठी आहे. होड्या उतरवत नाहीत. रद्द!"

जहाजाने भोंगा दिला आणि तोंड फिरवलं. एकही पाहुणा किनाऱ्यावर उतरला नाही.

मग म्हाताऱ्या दोर्कासने सारोंग खोचला आणि ती पाण्यात उतरली. तिच्यामागे सुना. मग सगळेच.

मी ओरडलो, "अरे, हे खोटं होतं! खेळ होता!"

दोर्कास कमरेएवढ्या पाण्यात वळली. "गुरुजी, शंख तोच, शब्द तेच, माणूस तोच. मग खोटं काय होतं? तुमचं जहाज?"

मथेओसकडे धावलो. अडव त्यांना! तो म्हणाला, "कशाने अडवू? शब्द संपले माझे." लाल कापड सोडून त्याने माझ्या हातात दिलं.

१ फेब्रुवारी
आजही काढताहेत. हेंकी पहाटेच्या बोटीने गेला. जाताना म्हणाला, "हवामानाला कोण काय करणार?"

४ फेब्रुवारी
किनाऱ्यावर लोलांचे ढीग. बटणवाल्या व्यापाऱ्याने मूठभर उचलले, बोटांतून गाळले आणि होडी वळवली. एवढ्याशाचं बटण निघत नाही. लोकांनी आतलं मांस उकडून खाल्लं. शिंपल्या पडून आहेत, वास सुटलाय.

वेलमिना म्हणाली, "झाली ना तुझी कविता? गावाने मिठाबरोबर खाल्ली."

मला कोणी शिवी देत नाही. वाटेत भेटले की "गुरुजी" म्हणतात, पूर्वीसारखंच. दिली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी
मथेओसकडे गेलो. आत होता. बाहेर आला नाही.

१४ फेब्रुवारी
त्याने खाडी पुन्हा बंद केली. एकट्याने, भल्या पहाटे. शंख ऐकून मी धावलो, पण खांबापाशी जायचा धीर झाला नाही, माडांत थांबलो. आत राखायला आता काय उरलंय? तरी बांधत होता झावळी – गाठीवर गाठ, सावकाश, जणू आतलं सगळं जागच्या जागी आहे.

१७ फेब्रुवारी
राजाने बोलावून घेतलं. हेंकीचा निरोप आहे: पुढच्या महिन्यात दुसरं जहाज, तोवर वारा पडलेला असेल, होड्या नक्की लागतील. "तुम्हीच ठरवा, गुरुजी. तुमच्यासारखं दुसऱ्या कोणाला सांगता येतं?" नवी चप्पल घालून बसला होता.

१८ फेब्रुवारी
हेंकीचा फोन. खाडी पुन्हा बंद झाल्याचं त्याला कुठून तरी कळलंय. "उत्तम झालं! मग पुन्हा उघडू. त्या जहाजावर अभ्यासू लोक आहेत. गुरुजी, काय काय आहे तुमच्याकडे, सगळं एकदा नीट सांगा, मी छापायला देतो."

दारातून खाडी दिसत होती. भरतीची, निळी, काठोकाठ. आयुष्यभर पोरांना या गावाचं वर्णन करायला शिकवलं.

मी म्हणालो, "आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही."