सगळ्यांनी नावं ठेवलेली गाडी

आई, आज पेपरात एका जुन्या इटालियन गाडीचा फोटो पाहिला आणि दुपारभर तुझ्याशी बोलावंसं वाटत राहिलं. आपल्याकडे होती तीच. लांबलचक, गडद निळी, चौकोनी तोंडाची. खाली लिहिलं होतं की ही गाडी श्रीमंतांसाठी काढली, पण श्रीमंतांनी दुसऱ्याच गाड्या घेतल्या. थोड्याच बनल्या, आणि बनल्या त्याही कुणाला फारशा आवडल्या नाहीत. मला हसू आलं. हे नाशकातल्या आपल्या गल्लीला केव्हाच कळलं होतं.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते आणि रविवारी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांची ही गाडी दुरुस्त करायला जायचे. डॉक्टर मुलाकडे परदेशी कायमचे निघाले, तेव्हा गाडीला गिऱ्हाईकच मिळेना. शेवटी ते बाबांना म्हणाले, "तुम्हीच घेऊन जा. हिचे नखरे तुम्हालाच ठाऊक." ती दारात आली आणि ज्याने त्याने मत दिलं. शेजारचे काका म्हणाले, आडवं पाडलेलं कपाट आहे. द्वारका चौकाजवळचा मेकॅनिक बॉनेट उघडून आत वाकला आणि म्हणाला, "इंजिन लय भारी हाय, पण हिचा एक पार्ट नाय मिळायचा हितं." बाबांचं मत ठरलेलं होतं: इंजिन म्हणजे गाणं आणि वायरिंग म्हणजे रडगाणं. तू मात्र मागचं दार उघडून सीटवरून हात फिरवलास. मखमली सीट, पिकल्या अंजिराच्या रंगाची. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हणालीस, "मला शिकवा."

अजून डोळे मिटले की तू दिसतेस. पदर खोचून, पाठीमागे उशी घेऊन तू मखमलाबादला मामाच्या मळ्यावर निघाली आहेस. सकाळचं धुकं द्राक्षबागांवरून अजून उठलेलं नाही. येताना डिकी शेवंतीने भरलेली असते आणि गाडीत इतका वास, की संध्याकाळपर्यंत माझ्या ओढणीलाही तो असतो. रस्त्यावरचे लोक वळून बघतात. तुला वाटतं कौतुकाने बघतात. मला वाटतं, हसतात.

म्हणून तर त्या दिवशी तसं झालं. कॉलेज सुटलं होतं आणि तू न सांगता मला घ्यायला आली होतीस. मैत्रिणींपैकी एकीने विचारलं, "ही कुणाच्या वरातीतली गाडी गं?" मी म्हणाले, "कुणास ठाऊक. आमची नाही." तुझ्या बाजूची काच अर्ध्यावर अडकलेली होती. तू ऐकलंस. मी गाडीत बसले, तू घराकडे न वळता सरळ गंगापूर धरणाकडे नेलीस आणि पाण्याशी जाऊन थांबलीस. इंजिन बंद झाल्यावर एवढी शांतता, की तापलेला पत्रा निवताना टिकटिकत होता तेही ऐकू येत होतं.

"आवडत नाही तुला ही?"

"कुणालाच आवडत नाही, आई."

"मला आवडते. मी कुणीच नाही का?"

तू रागावली नव्हतीस, म्हणून जास्त लागलं. मग पाण्याकडे बघत सांगत राहिलीस. "लग्नाआधी टेम्पोत मागे, फुलांच्या पाट्यांवर बसून मार्केटला यायचे. लग्नानंतर तुझ्या बाबांच्या स्कूटरवर मागे. पुढे बसवलं ते हिनेच. आणि चालते कशी बघ. हिला घाईच नाही. हिच्यात बसले की मलाही नसते." मग उतरून माझ्या बाजूला आलीस. "सरक तिकडे. तू चालव."

पुढे मी पुष्कळ गाड्या चालवल्या, म्हणून आता माझंही मत सांगते. गल्लीत वळवताना तिच्यासारखी नकोशी गाडी नाही. रूपही बेतास बात. पण ओझर सोडून पिंपळगावच्या रस्त्याला लागलं, की ती चाकांवर आहे हे विसरायला व्हायचं. दोन्ही बाजूंच्या बागा नुसत्या वाहत राहायच्या, आणि तू शेजारी बसून गुणगुणायचीस. तसं तरंगणं मला पुन्हा कुठल्या गाडीत मिळालं नाही.

तू गेल्यावर वर्षभराने बाबांनी ती पुण्याच्या एका जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांना देऊन टाकली. ट्रकवर चढवली तेव्हा बाबा घरात जाऊन बसले. मीच फाटकापर्यंत गेले.

एक राहिलं. तुला दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस. मी चालवतेय, तू मागच्या सीटवर पाय जवळ घेऊन आडवी. सिग्नलपाशी तू म्हणालीस, "त्र्यंबक रोडने थोडं पुढे जाऊन येऊ गं. डोंगर बघते." मी म्हणाले, तो रस्ता खोदलाय. "बरं," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर पंधरा दिवससुद्धा मिळाले नाहीत.

हे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. रस्ता खोदलेला नव्हता, आई. गाडी वाटेत बंद पडेल आणि लोक बघतील, एवढीच मला भीती होती.