धाकट्या बहिणीला काय सांगशील?

३ ऑगस्ट २०२४

ती. आईस संघप्रियाचा सप्रेम जय भीम.

इथे फोन लागत नाही, म्हणून तुझ्या पत्राची वाट बघते. आणि तू 'इथी सगळं ठीक' एवढ्यावर महिना उरकतेस, चिंगूस कुठली. बाबा गेल्यापासून माजरीच्या घरात एकटी कशी राहतेस, ते लिहीतच नाहीस.

आमच्या दवाखान्यातली तक्रारपेटी वर्षभर रिकामी आहे. साहेब खूश. पण काल सुकरी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले असताना न सांगता दवाखान्यातून गावी निघून गेली. महिन्यातली ही चौथी. अंगात रक्त कमी, घरीच बाळंत झाली तर कसं व्हायचं? माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
संघप्रिया

२१ ऑगस्ट

ती. आई, जय भीम.

आमची गोंडी जाणणारी आशा कार्यकर्ती करिश्मा, तिला घेऊन मी सुकरीच्या गावी गेले. तक्रार विचारली तर सुकरी काई नाई म्हणाली, वर चहा पाजला. करिश्मा म्हणाली, ज्यांच्याकडे जेवलो त्यांना नावं ठेवायची यांच्यात रीत नाही. मग तिनेच गोंडीत विचारलं, धाकटी बहीण तिथे निघाली तर तिला काय सांगशील? सुकरी बोलतच सुटली. पाणी पिऊ नको, संडासाला आतून कडी नाही. संध्याकाळी सोबत आलेल्या मायला फाटकाबाहेर काढतात.

कडी बसली. मायला वॉर्डात झोपू देतात. सुकरी परत आली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आता प्रत्येकीला घरी जाताना आम्ही हेच विचारतो. आई, तुलाही विचारते.

तुझी,
संघप्रिया

२ सप्टेंबर

चि. संघप्रियास आशीर्वाद, जय भीम.

मले बहीण नाई. पण शेजारची साधना पोरीले दूर नोकरीवर पाठवून राह्यली. तिले मी सांगन, पाठव बाई, पोरीचं भलं होते. पण मंग एकटीसाठी ताट काढावंसं वाटत नाई, चुलीवरच्या गंजातूनच दोन घास खाऊन घेते मानूस. खाणीतल्या कोळशाची धूळ बसते म्हणून पोरीच्या पलंगावरची चादर रोज झटकावी लागते. तवा लय रडू येते.

साधनाले हे सांगितलं नाई. तुलेच लिहिलं. राग मानू नको.

तुही माय,
अंजनाबाई

१४ सप्टेंबर

ती. आई, जय भीम.

पत्र वाचून रडले. तुझं 'सगळं ठीक' वाचून मी दोन वर्षं निर्धास्त होते, साहेबांसारखीच.

बदलीची सिस्टर आली की चार दिवस येते. तोवर ताट काढून जेवत जा. मीही आजपासून बसून जेवेन. इतके दिवस उभ्यानेच डबा संपवत होते, आणि तुला मात्र 'मजेत आहे' लिहीत होते.

लोभ आहेच, आता खरंही लिहीत राहू.

तुझी,
संघप्रिया