एक्याण्णवनं फसवलं

मंगळवार, संध्याकाळ

अंगात त्राण नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. काल शेजारची सई विचारत होती, "आजी, एक्याण्णव मूळ संख्या की संयुक्त?" एरवी मी शेंगदाणे सारख्या ओळींत मांडून दाखवते. काल कंटाळा केला. म्हटलं, "कुठल्या पाढ्यात येत नाही, म्हणजे मूळच." मला पाढे येतात दहापर्यंत!

आज तेच उत्तर दिलं म्हणून वर्गात गुरुजींनी तिला फळ्यापाशी उभं केलं, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तेरा साती एक्याण्णव. कोणी शिकवलं, विचारलं तर पोरीनं माझं नाव घेतलं नाही. का वाचवलं मला?

संध्याकाळी आली तेव्हा म्हटलं, "बाई, तू गल्लीतल्या द्वारकेच्या गणिताच्या क्लासला जा."

"आधी तू तेराचा पाढा म्हण."

चारदा अडखळले. पाढा पुरा होईपर्यंत ती उठली नाही.