सहा छापील शब्दकोश

बाई, तुमच्याकडे शिकलेली स्पॅनिश मी आता मालवीय नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. गेल्या महिन्यात क्लासच्या सरांनी मला सहा स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश निवडायला सांगितले. सहा मुली स्पेनला निघाल्या आहेत, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर. तिकडच्या एजन्सीचा निरोप होता की प्रत्येकीने शब्दकोश आणावा आणि तो छापीलच असावा. मला आनंद झाला. या दिवसांत कुणाला तरी कागदाचा कोश हवासा वाटतो, एवढ्यानेच झाला. छापीलच का, हे मी विचारलं नाही.

तुम्ही आता या जगात नाही, पण जवाहर नगरमधलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुमच्या साहेबांबरोबर परदेशातल्या वकिलातीत काढलेल्या वर्षांत तुम्ही ही भाषा शिकून आलेल्या. आमेरच्या किल्ल्यावर पर्यटक फिरवणारे चार गाइड आणि मी टेबलाभोवती बसलोय. मी नवाकोरा शब्दकोश आणलाय, चकचकीत कव्हरचा. तुम्ही तव्यावर पोळी टाकता, पदराला हात पुसता आणि म्हणता, “ताप शोध. मग उलटी. मग कुलूप.” कुलूप सापडत नाही. “परमुलखात आजारी पडलीस आणि दार लागलं, तर या पुस्तकाची उशी कर,” तुम्ही म्हणता. गाइड खो खो हसतात. मग पोळी उलटताना, माझ्याकडे न बघता, “कोश घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. कुणाला लागणार, आणि कुठल्या प्रसंगी.” मला ते फार लागलं होतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही तुमचा स्वतःचा कोश माझ्या हातात ठेवलात, पानांना पिठाचे डाग असलेला.

तुमच्या दोन प्रश्नांतला पहिला मी अगदी मनापासून विचारला. कुणाला लागणार? बारावी झालेल्या मुलींना, ज्यांना स्पॅनिशमधून आधी इंग्रजीत यावं लागतं आणि तिथून मनातल्या मनात हिंदीत. म्हणजे इंग्रजी अर्थ सोपा हवा, प्रत्येक अर्थाला एक तरी वाक्य हवं, क्रियापदांची रूपं शेवटी एकत्र हवीत, अक्षर बारीक नको. चौड्या रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानांत मी तीन आठवडे खेपा घातल्या. एक कोश उत्तम होता, पण उघडा ठेवला की आपोआप मिटायचा, आणि या मुलींचा एक हात कायम आजाऱ्याच्या पाठीखाली असणार. एकात पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांना शब्दच नव्हता. दुकानदार वैतागून म्हणाला, “मैडम, डिक्शनरी ले रही हो या दामाद देख रही हो?” मलाही हसू आलं. शेवटी जो पसंत केला, त्याच्या सहाही प्रतींत ताप, औषध, लघवी, दुखणं अशा शंभरेक शब्दांना मी पेन्सिलने खुणा केल्या. असा कोश कुणी निवडला नसेल, असं मला वाटत होतं. हेही लिहून टाकते.

वाटप झालं त्या दिवशी एक मुलगी मागे थांबली. साताऱ्याकडच्या फौजी घरातली, इथल्या छावणीत वाढलेली. माझ्याशी हट्टाने मराठी बोलते. “मॅम, मागे सेंटेन्स दिलेत ना, त्यात ‘मला घरी फोन करायचाय’ असं आहे का?”

“अगं, ते फोनमध्येच बघ की.”

“फोन तर जमा करायचाय ना. मतलब, पोचल्या पोचल्या. पासपोर्ट पण. म्हणून तर डिक्शनरी.” मला हे माहीत असणारच, असं तिला वाटत होतं.

“किती दिवसांसाठी?”

“ते नाही सांगितलं. रूल आहे म्हणे.”

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “मैडम, आप डिक्शनरी देखिए ना, बाकी हम देख लेंगे.” मागच्या बॅचच्या मुलींबद्दल विचारलं, तर म्हणाले, “बिज़ी होंगी. काम पे गई हैं, पिकनिक पे थोड़ी.” त्या बॅचमधल्या दोघी दर रविवारी मला स्पॅनिशमध्ये चार ओळी लिहून पाठवायच्या, चुका दुरुस्त करायला. तिकडे पोचल्यावर एकही ओळ आली नाही. आता त्यांना माझी गरज उरली नाही, असं मी धरून चालले होते. डायरीत तसं लिहिलंही आहे, कौतुकाने.

काल त्या मुलीला बोलावून म्हटलं, जाऊ नकोस. ती बॅगेच्या चेनशी खेळू लागली. मग म्हणाली, “मॅम, पप्पा तर नाहीच म्हणत होते. मी त्यांना तुमची डिक्शनरी दाखवली. सगळ्या खुणा बघितल्या त्यांनी, एक एक पान. म्हणाले, ज्या मॅडम एवढं बघून देतात, त्या चुकीच्या जागी नाही पाठवणार. तेव्हा हो म्हणाले.” फोन आणि पासपोर्टचं त्यांना सांगितलंस का, विचारलं. तिने मान हलवली, नाही. “आता नका घाबरवू त्यांना, प्लीज. तिकीट आलंय.”

उद्या दुपारी विमान आहे. तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवरून वडिलांचा नंबर मी उतरवून घेतलाय. सकाळी उठून तो लावायचा सोडून हे लिहायला बसले, आणि हे पत्र तर कुठे टाकायचंही नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे बाई, तुम्ही मध्येच थांबवून काही विचारणार नाही. तिचे वडील विचारतील, मॅडम, तुम्हाला हे कधी कळलं?

मंगळवारी. आज शनिवार आहे.